पारकर, खोली नंबर सात

हॉटेलचं नाव पवनचक्की व्ह्यू.
खिडकीतून दिसते शेजारच्या बंगल्याची पाण्याची टाकी.
दुपारी तिच्यावर एक कावळा होता,
तोही पाठमोरा.

आता साडेनऊ.
बर्फाच्या कारखान्यातल्या कॉम्प्रेसरचा अहवाल
बाराच्या आत जायला हवा,
नाहीतर पुण्याहून व्हॉल्व्ह उद्याच्या गाडीत चढणार नाही,
आणि व्हॉल्व्ह नाही तर बर्फ नाही,
आणि परवा देवगड बंदरात उतरणारी सुरमई
कुणासाठी थांबत नाही.
हे सगळं मी लॅपटॉपला सांगून पाहिलं.

तो म्हणतो, जोडलं आहे.
त्याखाली बारीक अक्षरात म्हणतो, इंटरनेट नाही.
म्हणजे सोयरीक झाली, बोलणं नाही.
लॉगिनचं पान उघडत नाही.
पांढऱ्या पडद्यावर एक टिंब गोल गोल फिरतंय:
या खोलीतून दिसलेली पहिली पवनचक्की.

खाली कोयंडेबाई काउंटरवर सोलं निवडत बसलेल्या.
'रूटर जिन्याखाली आसा, दोनदा बंद-चालू केलंय मी.
तुमी काय करा, त्येका आधी विसरा.'
कुणाला?
'वायफायक! विसरा म्हणान बटण आसता बघा थय.
आधी विसराचा, मगे नव्यान वळख करून घेवची.
माझो झील सांगान गेलो हा.'
झील बोटीवर. सध्या कुठल्या समुद्रात, बाईंना ठाऊक नाही.
बटण मात्र ठाऊक आहे.

विसरलो.
नव्याने ओळख करून घेतली:
पासवर्ड म्हणजे त्यांच्या विकलेल्या होडीचं नाव,
सगळं लहान अक्षरात, पुढे चार आकडे.
तरी टिंब फिरतंच.

मग आठवलं,
मार्चमध्ये ऑफिसातल्या पोराने काहीतरी अडलं म्हणून
डीएनएसचे आकडे हाताने भरून ठेवले होते.
ते पुसले. 'आपोआप'वर टिचकी मारली.
चोवीस वर्षं यंत्रं दुरुस्त करतोय,
मला माहीत असायला हवं होतं
की बिघाड बहुतेक वेळा
मागच्या दुरुस्तीत असतो.

पान उघडलं. निळी लाट,
इथल्या कुठल्याच माडासारखा नसलेला एक माड,
आणि दोन चौकटी: आडनाव, खोली नंबर.

पारखे. सात. चुकीचं.
शेवटी ई लावून. चुकीचं.
शेवटी वाय लावून, मोठ्या अक्षरात, नावासकट,
कुठे चुकून जागा सुटली का ते बघून.
पाच वेळा मी माझं आडनाव लिहिलं
आणि पाचही वेळा जिन्याखालचा डबा म्हणाला,
असं कुणी इथे उतरलेलं नाही.

पुन्हा जिना. रजिस्टर.
खोली सातसमोर, गोल वळणदार अक्षरात: पारकर.
'तसाच लिवलंय मी. पारकरच मां तुमी? मिठबावचे?'
पारखे, म्हटलं. जालन्याचा.
बाईंनी रजिस्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
दोघांपैकी कुणाला दुरुस्त करायचं ते ठरवत असल्यासारखं.
मग खोडायला पेन उचललं.
राहू द्या, मी म्हणालो.

पारकर. सात.
हिरवी खूण.
अकरा बावन्नला अहवाल गेला, खाली सही पारखेची.
मागून दोन तासांचे अडकलेले निरोप एकदम आले,
त्यात बायकोचा: पोचलात का?
काय उत्तर द्यावं, यात जरा वेळ गेला.

सकाळी लॅपटॉप पुन्हा म्हणतो, इंटरनेट नाही.
व्हॉल्व्ह गाडीत चढला की नाही, कळायला मार्ग नाही.
दारावर थाप.
'पारकरानू, चाय ठेवलंय.'

आलो, म्हणतो मी.